एकतीस नंबरची तहान

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत काम उरकलं, तर गिरिजा भदाणेला काय मिळणार होतं ते आधी पाहू. नाशिकची बदली, सोमवारपासून. नाशिकला नवरा होता, पण तो एकटाच असता तर तिने इतकी धावपळ केली नसती. नाशिकला ओवी होती, वय वर्षं आठ. तिला आई शनिवारी दुपारी एकला मिळायची आणि रविवारी संध्याकाळी सातला संपायची. आठवड्याला तीस तास. बदली झाली की एकशे अडुसष्ट. ही वजाबाकी ओवीनेच वहीच्या मागच्या पानावर केली होती आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. एकशे अडतीस.

त्यासाठी करायचं काय होतं? काही सुरू करायचं नव्हतं. एक जुना प्रोग्रॅम नीट बंद करायचा होता, एवढंच.

सावरदरा गावाला नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून एक पाट येतो. पाटावर शहाऐंशी शेतं. पूर्वी पाटकरी हातात फावडं घेऊन चालायचा, शेताच्या तोंडाची फळी उचलायचा आणि रानाचा शेवटचा कोपरा ओला झाल्याशिवाय ती टाकायचा नाही. सुरू झालेली पाळी मोडायची नाही, हा गावचा कायदा. शेवटचा पाटकरी म्हणजे गिरिजाचा सख्खा मामा, दौलत बोरसे. त्याचे वडील गेले तेव्हा तिरडी दारात बांधून ठेवली होती आणि दौलत पाटावर उभा होता. समोरच्या माणसाचे चार वाफे राहिले होते. ते भिजले, मग तो खांदा द्यायला गेला. गावात अजून ही गोष्ट कौतुकाने सांगतात. त्या दिवशी दारात बसून राहिलेली माणसं जरा कमी कौतुकाने सांगतात.

तेरा वर्षांपूर्वी फळ्यांच्या जागी मोटारीवर चालणारी दारं आली आणि प्रत्येक शेतात एक सुई आली. झाडाला पाणी कमी पडलं की त्याच्या नसांमधला पाण्याचा धागा तुटतो, तिथे बारीक बुडबुडा होतो आणि टिक् असा आवाज येतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, इतका वरच्या पट्टीतला असतो. खोडाला लावलेली सुई तो ऐकते. तहानलेलं रोप तासाला तीस-चाळीस वेळा टिकटिकतं, भागलेलं गप्प बसतं. शेतकऱ्याने कितीही गळा काढला तरी पीक खोटं बोलत नाही, या एका भरवशावर सगळी योजना उभी होती.

सुयांचं ऐकून दारं उघडणारा प्रोग्रॅम जावामध्ये लिहिलेला होता. ती भाषा तेव्हाच म्हातारी झाली होती, आणि म्हाताऱ्या माणसांसारखी अजून सगळीकडे कामावर होती. प्रोग्रॅमच्या पोटात बारा कामकरी. कागदोपत्री त्यांना थ्रेड म्हणतात. सोयीसाठी बारा अदृश्य पाटकरी समजा. शेतं शहाऐंशी, कामकरी बारा, म्हणून शेतांची रांग लागते. जो कामकरी मोकळा होईल तो रांगेतलं पुढचं शेत घेतो, सुई ऐकतो, दार उघडतो, टिकटिक थांबली की दार लावून वहीत नोंद करतो आणि पुढच्या शेताकडे वळतो. एका फेरीत एका शेताला जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. तेवढ्यात तहान भागली नाही, तर ते शेत त्याच्याच गळ्यात राहतं. तो आठ दिवस झोपतो आणि पुढच्या फेरीला उठून पुन्हा तेच शेत बघतो.

हा प्रोग्रॅम गिरिजाने लिहिला होता. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि मामाच्या ओट्यावर बसून लिहीत होती. लहानपणापासून अकरा वर्षं ती मामाकडेच वाढलेली.

शुक्रवारी साडेबाराला पाणीवापर संस्थेच्या खोलीत बसून तिने बंद करण्याचा हुकूम सोडला. असे हुकूम दोन असतात. पहिला सभ्य : नवं काम घेऊ नका, हातातलं संपवा आणि घरी जा. दुसरा जरा घाईचा : आहात तिथे थांबा. पण या दुसऱ्याचाही अर्थ एवढाच, की कामकऱ्याच्या खांद्यावर टपली मारायची. थांबायचं की नाही हे टपली खाणाऱ्यानेच ठरवायचं. मानेला धरून बाहेर काढायची सोय त्या भाषेने फार पूर्वीच काढून टाकली होती. कामाच्या मध्यात उचललेला कामकरी दार अर्धं उघडं टाकतो आणि वही अर्धी लिहिलेली सोडतो, म्हणून.

गिरिजाने सभ्य हुकूम दिला. या फेरीतल्या पाळ्या सकाळीच आटोपल्या होत्या. पडद्यावर कामकरी एकेक करून परतू लागले. पाच, आठ, अकरा.

अकरावर आकडा थांबला.

ती चहा पिऊन आली. अकराच. तिने टपली मारली. सातवा कामकरी जागा झाला, त्याने काहीतरी पाहिलं आणि तो पुन्हा झोपला.

धुळ्याहून साळुंखे साहेबांचा फोन आला. साळुंखे तिचे वरिष्ठ. मशीनशी भांडण झालं की त्यांच्याकडे एकच उपाय असे.

"मॅडम, वायर उपटा ना सरळ!"

"उपटते. पण मग वही कोण मिटवणार? शेवटचा कामकरी जाताना वही मिटवतो. उघड्या वहीवर नवी यंत्रणा सुरू होत नाही, सर."

"मग त्याला समजवा."

"तेच करतेय. ऐकत नाही."

"लिहिला कोणी असला कामकरी?"

गिरिजाने फोन ठेवला. चौथ्या टपलीनंतर तिने प्रोग्रॅमचं ते पान उघडलं. टपली बसली तर काय करायचं, त्या जागी तेवीस वर्षांच्या मुलीने लिहून ठेवलं होतं : टपलीकडे लक्ष देऊ नये, सुई ऐकावी, तहान असल्यास पुन्हा झोपावं. शेजारी टीप : सुरू झालेली पाळी मोडायची नाही — मामा.

पुस्तकात याला चूक म्हणतात. आलेली टपली गिळू नये, असं पहिल्याच धड्यात सांगितलेलं असतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याचा मामा पाटकरी नव्हता.

तरी प्रश्न उरतच होता. सकाळी पाणी पाजलेल्या शेताला दुपारी तहान कशी? सातवा कामकरी कोणत्या शेतावर आहे ते तिने पाहिलं. एकतीस नंबर. किती दिवसांपासून? आकडा वाचून ती खुर्चीत नीट बसली. नऊ वर्षांपासून. सातव्याने नऊ वर्षांत दुसरं शेत घेतलंच नव्हतं. बाकी पंच्याऐंशी शेतं अकरा जणांनी ओढली होती आणि एवढ्या काळात कोणाला शंकाही आली नव्हती. येणार कशी? रोजच्या धबडग्यात बारापैकी एक जण काम संपवतच नाही, हे कळत नाही. सगळ्यांना घरी जा म्हटलं की मग दिसतं कोण उठत नाही ते.

तिने एकतीसच्या सुईचा आलेख काढला. गव्हाच्या शेताचा आलेख कसा असतो? पाणी दिलं की खाली, आठ दिवसांत हळूहळू वर, कापणी झाली की सपाट. हा आलेख बाराही महिने एकाच उंचीवर. आणि मे महिन्यात? मे महिन्यात रान उघडं असतं, ढेकळं तापलेली असतात, कापायलाही काही नसतं. तरी टिकटिक चालूच. तासाला पस्तीस.

पीक नाही आणि तहान ताजी. बदली, सहा वाजण्याची वेळ, साळुंखे, सगळं क्षणभर तिच्या डोक्यातून गेलं. हे काय आहे ते तिला बघायचंच होतं.

शेत एकतीस, मालक दौलत बोरसे. हेही तिने वाचलं, पण थोडं सावकाश वाचलं.

पावणेतीनला ती लॅपटॉप पिशवीत टाकून स्कूटरवर मामाच्या रानात पोचली. गहू वीतभर वाढलेला. बांधावर छपरी, छपरीत बाज, बाजेवर मामा. वय एकाहत्तर, डोक्यावर टोपी, अंगात बंडी.

"ये भाची, ये. आज निरोपाचा दिवस ना? मामीने पुरणपोळी केलीय."

"मामा, सुई कुठे आहे?"

"कोणती सुई?"

"शेतातली. गव्हात नाही. मी तार धरून आलेय."

तार छपरीच्या मागे गेली होती. तिथे, पत्र्याच्या सावलीत, तेलाच्या डब्यात एक वांग्याचं रोप होतं. पानं लोंबलेली, कडा करपलेल्या, खोड मात्र ताठ. मरत नव्हतं आणि जगतही नव्हतं. खोडाला सुई. डब्याच्या कडेला एक चमचा ठेवलेला.

गिरिजाने चमचा उचलला. मागे मामी येऊन उभी राहिली होती.

"रोज सकाळी एकच," मामी म्हणाली. "दोन दिले की गप्प होतं, आणि नाही दिला की मरतं. हे पाचवं रोप आहे बाई. तुझ्या मामांनी पाटकऱ्याची नोकरी सोडली आणि मला लावली."

"तू गप गं!" मामा बाजेवरूनच ओरडले.

गिरिजाला आधी हसू आलं. तेरा वर्षं धुळ्यात, नाशकात, कुठल्या कुठल्या सभांमध्ये तिने सांगितलं होतं की पीक खोटं बोलत नाही. बोलत नव्हतंच. वांगं खरंच तहानलेलं होतं. सुईला गहू आणि वांगं यातला फरक कळावा, अशी सोय करायचं एकदा ठरलं होतं. तेव्हा ती ओवीच्या वेळी बाळंतपणाला गेली होती, आणि नंतर ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. सुई दर हंगामात पंचांसमोर हलवायची असा नियम होता. एकतीसचे पंच कोण? दौलत बोरसे.

"किती लागतं हो मामा तुमच्या गव्हाला खरं?"

"बावीस मिनिटं."

"आणि घेता चाळीस."

"नियमात आहे चाळीस."

"वरची अठरा कुठे जातात?"

मामांची नजर बांधापलीकडे गेली. गिरिजा बांधापर्यंत गेली. मामाचा गहू संपतो तिथे जमीन उतरते, आणि उतारावर आणखी एक तुकडा होता. दीड-दोन बिघ्यांचा. हरभरा फुलावर यायला लागलेला. तिच्या नकाशात तिथे पांढरी जागा होती. एक बाई खुरपं घेऊन बसली होती. गिरिजाला पाहून ती उभी राहिली.

"आप्पांची भाची ना तुम्ही? मशीनवाली?"

"हो. हे रान तुमचं?"

"माझंच. रेशमा मालचे. वनखात्याकडून कागद मिळाला दहा वर्षांखाली. पाटाच्या यादीत नाव घाला म्हणून चार अर्ज दिले. म्हणतात, यादी शहाऐंशीची आहे, बंद झाली." तिने खुरप्याने वर मामाच्या रानाकडे दाखवलं. "आप्पांच्या वावरातून पाझरून येतं, त्यावर चाललंय."

गिरिजा परत छपरीत आली तेव्हा मामांचा चेहरा खुलला होता. आता भाचीला कळलं होतं, म्हणजे आता आपण पुण्यवान ठरणार, असा.

"ऐकलंस ना? तिला कोण देणार होतं पाणी? तुझी यादी?"

"पुण्य केलं म्हणा."

"मी कुठं म्हणतोय!"

"तुम्ही म्हणत नाही, पण ऐकायची तयारी आहे तुमची," मामी म्हणाली. "पोरीला सगळं सांगा की. रेशमाच्या घरची आठ माणसं आधी आपला कांदा लावतात, मग गावात जातात. डिसेंबरात माणूस मिळत नाही कुठे, आणि आपला कांदा गावात पहिला लागतो. नऊ वर्षं."

"मग काय फुकट देऊ?" मामा म्हणाले. "आणि मी कोणाचं तोडलं? कोणाची पाळी मोडली मी? एकाची सांग."

सांगायला एक माणूस होता. शहाऐंशी नंबर, पाटाचं शेपूट, काशिनाथ देवरे. बंधाऱ्यातून पाणी ठरलेले तासच सुटतं. वरच्याने अठरा मिनिटं जास्त घेतली की ती खाली कुठेतरी कमी पडणारच, आणि खाली सगळ्यात शेवटी काशिनाथ होता. त्याची पाळी मोडत नव्हती; त्याच्या पाळीत पाणी चार मिनिटांतच संपत होतं. पाटात दहा मिनिटं पाणी दिसलं नाही तर शेत सोडून द्यावं आणि वहीत "पूर्ण" लिहावं, हेही गिरिजानेच कामकऱ्यांना शिकवलं होतं. म्हणजे ज्याला पुरेसं पाणी मिळालं नाही त्याची पाळी दर वेळी पूर्ण, आणि ज्याला मिळत राहिलं त्याची नऊ वर्षं अपूर्ण.

काशिनाथने तक्रारी केल्या होत्या. तीन. तिन्हींना गिरिजाने सहीनिशी उत्तर दिलं होतं : यंत्रणा तपासली, दोष आढळला नाही, उन्हामुळे पाणी आटत असावं. गाव त्याला "आटलेला काशिनाथ" म्हणायला लागलं होतं.

"मामा, उद्यापासून नवी यंत्रणा येतेय," ती म्हणाली. "तिला सुई नाही, चमचा चालणार नाही. ती ही जुनी वही वाचून शिकणार आहे. कोणाला किती पाणी लागतं, ते वहीवरून."

"मग बरंच आहे की."

"वहीत एकतीसला चाळीस लागतात. शहाऐंशीला चारच लागतात. ती हेच खरं धरणार, कायमचं. तुम्ही नऊ वर्षं उचललेलं पाणी उद्या सकाळपासून तुमच्या हक्काचं. आणि काशिनाथ तात्यांची तहान उद्यापासून नाहीच."

 टोपी काढून मामांनी गुडघ्यावर ठेवली. पाटकऱ्याला एवढं समजवावं लागत नाही.

गिरिजाने माठातून तांब्या भरला आणि वांग्याच्या डब्यात ओतला. मामीच्या तोंडून "अगं!" निघून गेलं. नऊ वर्षांची सवय होती.

रोपाला पाणी चढायला वेळ लागतो. ते तिघं डब्याभोवती बसले. पुरणपोळ्या आल्या. लॅपटॉपवर टिकटिक मोजली जात होती : सव्वातीनला तासाला चौतीसचा वेग, चारला एकवीस. वरचं एक पान किंचित उचललं गेलं, आणि तिघांनीही ते एकदम पाहिलं.

"साल्याला एवढंच हवं होतं," मामा म्हणाले.

पावणेपाचला टिकटिक थांबली. गिरिजाने टपली मारली. सातवा कामकरी जागा झाला. त्याने सुई ऐकली. सुई गप्प. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला थांबायला कारण मिळालं होतं. त्याने नोंद केली, वही मिटवली आणि तो गेला. पडद्यावर ओळ आली : बारा कामकरी परतले. अपूर्ण पाळ्या शून्य.

त्याखाली समाप्तीचा दाखला. त्यात गिरिजाने भरायचा एकच रकाना : वहीतल्या नोंदी खऱ्या आहेत का? होय किंवा नाही. होय म्हटलं की सोमवारी नाशिक. नाही म्हटलं की नवी यंत्रणा हंगाम संपेपर्यंत थांबणार, नोंदी नव्याने तपासल्या जाणार, आणि ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने गावातच राहायचं. मार्चच्या मध्यापर्यंत. पंधरा आठवडे.

आणि मशीन तर म्हणतच होतं की सगळं ठीक आहे. तिला खोटं बोलायचीही गरज नव्हती. फक्त मशीनच्या बोलण्याला मान हलवायची होती.

फोन वाजला. शाळा सुटली होती.

"आई, झालं बंद?"

"झालं गं."

"म्हणजे सोमवारी?"

गिरिजाने डब्याकडे पाहिलं. मामी चमचा पदराने पुसत होती, आता त्याचं काय करायचं ते न कळून.

"ओवी, तुझ्या वर्गात कोणी तुझ्या वहीतलं बघून लिहिलं, आणि बाईंनी त्याला बरोबर दिलं, तुला चूक, तर?"

"मी सांगेन बाईंना."

"आणि सांगितल्यावर तुलाच थांबवून ठेवलं, शाळा सुटल्यावर?"

 पोरगी हुशार होती, आणि त्याचाच त्रास होता.

"किती दिवस?" ओवीने विचारलं.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी दाखला धुळ्याला गेला. पाच एक्कावन्नला साळुंखे साहेब फोनवर होते.

"अहो मॅडम, मशीन हो म्हणतंय आणि तुम्ही नाही म्हणताय?"

"मशीन मीच लिहिलंय, सर. त्याला माझ्याइतकंच कळतं."

कारणांच्या जागी तिने तीन ओळी लिहिल्या होत्या : एकतीसची नोंद फुगलेली, शहाऐंशीची खोटी, आणि सत्त्याऐंशी नंबरचं शेत आहे पण यादीत नाही.

जुना प्रोग्रॅम गेला, नवा आला नाही. मग दारं कोण उघडणार? गावात हाताने पाणी देऊ शकणारा एकच माणूस उरला होता, आणि तो एकाहत्तर वर्षांचा होता. पंचांनी त्यालाच सांगितलं. दर आठ दिवसांनी दौलत बोरसे सहा किलोमीटर पाट चालू लागला, हातात दार फिरवायची कळ घेऊन. बरोबर हातात घड्याळ घेऊन काशिनाथ देवरे. पहिल्या फेरीत दोघं बोलले नाहीत. दुसऱ्या फेरीत एकतीसपाशी काशिनाथ म्हणाला, "बावीस झाली, दौलतराव." आणि मामांनी दार लावलं. अजून एक सरी कोरडी होती. सुरू झालेली पाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडली, आणि ती स्वतःची.

आता मांडणी करून टाकू. काशिनाथ देवरेची तूट : फेरीला अठरा मिनिटं, हंगामात चौदा फेऱ्या, नऊ हंगाम, दोन हजार दोनशे अडुसष्ट मिनिटं, म्हणजे अडतीस तासांना बारा मिनिटं कमी. ती भरून मिळाली नाही, पण गावाने "आटलेला" म्हणणं सोडलं. रेशमा मालचेला सत्त्याऐंशी नंबर मिळाला, शेपटाच्याही शेवटी. तिच्या घरची आठ माणसं यंदा ज्याने आधी बोलावलं त्याच्या कांद्यावर गेली. मामांचा कांदा बारा दिवस उशिरा लागला. मामांनी पंचाची खुर्ची सोडली आणि दोन जोडी चपला झिजवल्या. मामीचा चमचा सुटला. वांग्याला जानेवारीत तीन वांगी धरली. त्यांचं भरीत झालं आणि ते काशिनाथनेही खाल्लं, मीठ कमी आहे म्हणत. साळुंखे साहेबांचं काहीच गेलं नाही.

नाशिकला, वहीच्या मागच्या पानावर, दोन रेघांखाली ओवीने नवा गुणाकार केला. एकशे अडतीस गुणिले पंधरा. दोन हजार सत्तर तास. तिचं सावरदऱ्यात शेत नव्हतं, आणि पाट तिने कधी पाहिलाही नव्हता. सगळ्यात जास्त तिनेच भरले.